रॉस्किल्डेचं कॅथेड्रल एका दिवसात कसं पाहावं

कोपनहेगनला येणारे पाहुणे दोन दिवस शहर बघतात आणि तिसऱ्या दिवशी जेवताना मला विचारतात, "पाळकीणबाई, रॉस्किल्डेला जायलाच हवं का? तिथेही चर्चच आहे ना?" आम्ही दोघं इथल्या एका लहान मंडळीत चार वर्षं सेवा करतो आहोत, आणि एवढ्या काळात त्या कॅथेड्रलला नऊ-दहा वेळा तरी जाऊन आलो. माझं उत्तर ठरलेलं असतं. जायलाच हवं, पण काय पाहायचं ते ठरवून जा. तिथे चाळीसच्या आसपास राजे-राण्यांना मूठमाती दिली आहे. प्रत्येकापुढे उभे राहिलात तर संध्याकाळी एकही आठवणार नाही. मराठी माणसाने, त्यातही सुवार्तेच्या कामात असलेल्याने, तिथल्या चार-पाच कबरींपुढे नीट वेळ काढावा. त्या कुठल्या आणि का, हे सांगावं म्हणून लिहिते आहे.

आधी गावाचं नाव. लिहिताना 'रॉस्किल्डे' असलं तरी डेन्मार्कचे लोक 'रॉस्किले' म्हणतात, त्यातला 'ड' त्यांच्या तोंडून येतच नाही. कॅथेड्रलला 'डोमकिर्के' म्हणतात. हे दोन शब्द येत असले की वाट विचारायला अडत नाही.

वार ठरवताना रविवारचा विचार वेगळा करावा लागतो. रविवारी सकाळी तिथे उपासना असते आणि कबरी बघायला येणाऱ्यांना दुपारनंतरच आत सोडतात. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा गेलो तो रविवारच होता, आणि आत शिरलो तर लोक बाकांवर बसलेले, ऑर्गन सुरू. आम्हीही मागच्या बाकावर बसलो. पाळकांनी काळा झगा आणि गळ्याभोवती चुण्यांची मोठी पांढरी कॉलर घातली होती. डेन्मार्कच्या लुथरन चर्चमध्ये ही कॉलर अजून वापरात आहे. गीतांचे क्रमांक भिंतीवरच्या पाटीवर लावलेले होते. भाषा कळत नव्हती, पण 'वोर फादर' हे दोन शब्द कानावर आले आणि प्रभूची प्रार्थना सुरू झाल्याचं लक्षात आलं. मग ती आम्ही मराठीत, हलक्या आवाजात, त्यांच्याबरोबर म्हटली. आठशे वर्षांच्या त्या भिंतींमध्ये "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना माझा आवाज कापला होता. म्हणून माझा सल्ला असा की जमत असेल तर रविवारीच जा, आधी उपासनेला बसा, मग गावात काहीतरी खाऊन दुपारी पुन्हा या. उपासनेला तिकीट नसतं. नंतर बघायला जाताना काढावं लागतं.

रविवार जमत नसेल तर बुधवार किंवा शनिवार धरा. त्या दोन दिवशी कॅथेड्रलशेजारच्या स्टेंडरटोर्वेट चौकात बाजार भरतो: फुलं, भाजी, चीज, मासे. मात्र कुठल्याही वारी निघायच्या आदल्या संध्याकाळी कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर वेळा पाहूनच घ्या. हे जागतिक वारसा स्थळ आहे, १९९५ साली युनेस्कोच्या यादीत गेलं, पण त्याआधी ते गावाचं चर्च आहे. लग्न असतं, अंत्यविधी असतो, आणि त्या वेळात दार पाहुण्यांना बंद. एकदा आम्ही दोन वयस्कर पाहुण्यांना घेऊन गेलो आणि दीड तास बाहेर थांबलो. हे म्हणाले, "कुणाच्या तरी घरचं माणूस गेलंय, आपण थांबायला हवं," आणि आम्ही चौकात बसून त्या अनोळखी कुटुंबासाठी प्रार्थना केली. पाहुण्यांचे पाय मात्र गारठले. मी आदल्या रात्री वेळ पाहिली असती तर तेवढं टळलं असतं.

कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनवरून रॉस्किल्डेला जायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात आणि गाड्या भरपूर आहेत. फक्त लाल रंगाच्या एस-ट्रेनमध्ये बसू नका. ती त्या दिशेला जाते, पण होये टॉस्ट्रुपलाच थांबते. तिथे उतरून दुसरी गाडी धरावी लागते. तुम्हाला हवी ती प्रादेशिक किंवा लांब पल्ल्याची गाडी. रॉस्किल्डे वेगळ्या झोनमध्ये येतं, तेव्हा शहरापुरतं तिकीट चालत नाही. प्रवासाचं कार्ड किंवा अ‍ॅप वापरत असाल तर चढताना 'चेक इन' आणि उतरल्यावर 'चेक आउट' दोन्ही करायचं. दुसरं लोक विसरतात आणि पैसे जास्त कापले जातात. हा लोहमार्गही बघण्यासारखा आहे: आजच्या डेन्मार्कमधली पहिली रेल्वे १८४७ साली याच दोन गावांमध्ये धावली.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर तीन प्रचंड रांजण दिसतील, माणसाच्या दुप्पट-तिपटीहून उंच. गावाला हजार वर्षं झाली तेव्हा, १९९८ मध्ये, पीटर ब्रांडेस या कलाकाराने ते केले. तिथून कॅथेड्रलची दोन टोकदार शिखरं नजरेसमोर ठेवून चालत राहिलात की दहा मिनिटांत पोचता. हवा कशीही असो, एक जाड कपडा जवळ असू द्या. विटांचं बांधकाम आत गारवा धरून ठेवतं, आणि तुम्हाला तिथे किमान अडीच तास काढायचे आहेत.

लगेच आत जाऊ नका. आधी बाहेरून एक फेरी मारा आणि विटा बघा. इथलं पहिलं चर्च राजा हराल्ड ब्लूटूथने दहाव्या शतकात लाकडाचं बांधलं असं सांगतात. मोबाइलमधल्या ब्लूटूथला याच राजाचं नाव दिलं आहे. पुढे दगडी चर्च आलं, आणि ११७० च्या दशकात बिशप अब्सलोनच्या काळात हे विटांचं कॅथेड्रल सुरू झालं. बांधकाम शंभर वर्षं चाललं. मधेच फ्रान्समधून गॉथिक पद्धत आली, म्हणून गोल कमानींनी सुरुवात झालेली इमारत वर टोकदार कमानींची होत गेली. विटांमध्ये बांधलेलं स्कँडिनेव्हियातलं हे पहिलं गॉथिक कॅथेड्रल. शिखरं मात्र बरीच नंतरची, चौथ्या क्रिस्तियानने १६३० च्या दशकात चढवलेली.

दाराशी उभं राहून सोबतच्यांना एक गोष्ट सांगा, मी दर वेळी सांगते. अकराव्या शतकातला राजा स्वेन एस्ट्रिडसन. आपल्याबद्दल मेजवानीत वाईट बोलणाऱ्या काही माणसांना त्याने चर्चमध्येच ठार मारवलं, आणि मग उपासनेला आला. बिशप विल्हेल्मने हातातला दंड आडवा धरून त्याला दारातच अडवलं. शिपायांनी तलवारी काढल्या तरी तो हलला नाही. राजा परत गेला, राजवस्त्रं उतरवली, जाडेभरडे कपडे घालून अनवाणी आला आणि पश्चात्ताप केला, तेव्हा बिशपने त्याला मिठी मारून आत घेतलं. इतिहासकार साक्सोने ही हकिकत लिहून ठेवली आहे. आजचं दार ते नव्हे, ते चर्च तर कधीच पाडलं गेलं. पण राजा आणि बिशप दोघांचंही स्मारक आत वेदीजवळच्या खांबांमध्ये आहे. हे म्हणतात की पाळकाने वर्षातून एकदा तरी इथे उभं राहून ही गोष्ट स्वतःला ऐकवावी.

आत जाण्याची वेळ अशी साधा की तास पूर्ण व्हायला पाच-सात मिनिटं असतील. आत शिरलात की मागे वळून वर बघा, भिंतीवर उंचावर एक घड्याळ आहे, साधारण १५०० सालचं. तासाला घोड्यावरचा संत जॉर्ज ड्रॅगनवर तुटून पडतो आणि ड्रॅगन किंचाळतो. मग पेर डोवर नावाचा बाहुला मोठी घंटा वाजवून तास मोजतो; पाव तासाची घंटा किर्स्टेन किमर ही बाहुली वाजवते, आणि त्याच्या घंटेने दचकून ती मान हलवते. मुलं सोबत असतील तर बाकीचा सगळा दिवस ती याच घड्याळाबद्दल बोलतात. भरदुपारी बारा वाजता गर्दी होते, अकरा किंवा एक बरा.

आता थेट पुढे, वेदीपर्यंत जा. दोन्ही बाजूंना चर्चच्या सेवकांसाठी केलेली लाकडी आसनं आहेत, १४२० सालची. त्यांच्या वरच्या पट्टीवर कोरीव चित्रं आहेत, एका बाजूला जुन्या कराराची, समोर नव्या कराराची. माहितीपत्रक लगेच उघडू नका. आम्ही दोघं एकेक बाजू घेतो आणि कोण किती प्रसंग ओळखतो ते बघतो. पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला हा अर्धा तास पुरत नाही. रविवारशाळेतल्या मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा एका दहा वर्षांच्या मुलीने माझ्यापेक्षा चार प्रसंग जास्त ओळखले.

वेदीमागे मध्यभागी पहिली मार्ग्रेट राणी आहे. संगमरवरासारख्या पांढऱ्या दगडात तिची झोपलेली मूर्ती कोरली आहे. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तिन्ही राज्यं १३९७ मध्ये एकत्र आणणारी ही बाई १४१२ साली जहाजावर असताना वारली. पर्यटक सगळे तिच्याभोवती गोळा होतात, आणि बरोबरच आहे. पण तुम्ही तिथेच आजूबाजूला चौथ्या फ्रेडरिकची शवपेटी शोधा. ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आपल्या देशातल्या प्रॉटेस्टंट मिशनकार्याची सुरुवात या माणसाच्या हुकमाने झाली.

डॅनिश लोकांनी तंजावरच्या नायक राजाशी करार करून १६२० साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला ठाणं घातलं. त्याला ते ट्रांकेबार म्हणत. जवळजवळ नव्वद वर्षं तिथे फक्त व्यापार चालला. मग चौथ्या फ्रेडरिकच्या मनात आलं की तिथल्या लोकांसाठी मिशनरी पाठवावेत. डेन्मार्कमध्ये कुणी तयार होईना, म्हणून जर्मनीतल्या हाले शहराशी नातं असलेले दोन तरुण निवडले, झिगेनबाल्ग आणि प्लुट्शाव. कोपनहेगनमध्ये त्यांना दीक्षा मिळाली आणि ९ जुलै १७०६ ला ते तरंगंबाडीला उतरले. आणि मराठी वाचकाने हे लक्षात ठेवावं की तेव्हा तंजावरच्या गादीवर नायक नव्हते. तिथे आपले भोसले होते, व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजी. डॅनिश ठाण्याच्या चहूकडे मराठ्यांचं राज्य होतं. पुढे याच मिशनमधून आलेल्या श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली सरफोजीराजे लहानाचे मोठे झाले, ज्यांच्यामुळे तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय आज एवढं मोठं आहे.

झिगेनबाल्ग तमिळ शिकले, नव्या कराराचं तमिळ भाषांतर केलं, ते तिथेच छापलं. डॅनिशांच्याच व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्याने त्यांना चार महिने तुरुंगात टाकलं होतं. मधे युरोपात येऊन मारिया डोरोथेया यांच्याशी लग्न करून ते १७१६ मध्ये परत गेले, आणि १७१९ साली, छत्तिसाव्या वर्षी, तरंगंबाडीतच वारले. त्या मारिया डोरोथेयाबद्दल मला फार वाटतं. तीन वर्षांचा संसार, परकी भाषा, उन्हाळा, आणि मग वैधव्य. राजाच्या पेटीपुढे उभी राहून मी दर वेळी तिच्यासाठी आभार मानते.

राजाबद्दलही खरं तेच सांगावं. चौथ्या फ्रेडरिकने लुईसे राणी हयात असताना आना सोफी नावाच्या मुलीला पळवून आणून तिच्याशी दुसरं लग्न लावलं. राणी १७२१ मध्ये वारली, तिचा दफनविधी झाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने आना सोफीशी रीतसर विवाह करून तिला राणी केलं. ज्याने आपल्याकडे शुभवर्तमान पाठवलं त्याने वेदीपुढे दिलेलं वचन पाळलं नाही. मी बायकांना सोबत घेऊन गेले की हे सांगतेच, कारण लुईसेची पेटी तिथेच आहे आणि तिचं दुःख कुणी बोलून दाखवत नाही. आना सोफीला सावत्र मुलाने, सहाव्या क्रिस्तियानने, राजघराण्याच्या जागेत ठेवू दिलं नाही. ती याच कॅथेड्रलमध्ये आहे, पण बाजूच्या ट्रोले घराण्याच्या लहान चॅपलमध्ये. ते शोधायला पाच मिनिटं लागतात. तेवढी द्या.

यानंतर थोडं बसा. मधल्या भागात बाकं आहेत. बाजूच्या भिंतीवर ऑर्गन आहे, मूळचा १५५४ सालचा, १९९१ मध्ये पुन्हा जुन्या रूपात आणलेला; कुणी सराव करत असेल तर तुमचं नशीब. पायाखालच्या फरशीत शेकडो थडग्यांचे दगड आहेत, पावलांनी झिजून नावं पुसट झालेले. त्यांच्यावरून चालावं लागतं. पहिल्यांदा मला ते जमेना, मी कडेकडेने चालत होते. हे म्हणाले, "त्यांनीच ही जागा मागून घेतली, लोक आपल्यावरून वेदीकडे जावेत म्हणून." तेव्हापासून चालते, पण सावकाश.

बाजूच्या चॅपलांपैकी तीन निवडायला सांगेन. पहिलं चौथ्या क्रिस्तियानचं. तरंगंबाडीचा करार याच राजाच्या काळातला. दाराची घडीव लोखंडाची जाळी जवळून बघा. कास्पर फिंके नावाच्या लोहाराने ती केली आणि वर आपलं नाव घालायला विसरला नाही. आतला राजाचा ब्राँझचा पुतळा शिल्पकार थॉरवाल्डसेनने केलेला.

दुसरं तीन मागी लोकांचं चॅपल. इथे रिफॉर्मेशन आणणाऱ्या तिसऱ्या क्रिस्तियानचं भव्य स्मारक आहे. त्याने १५३६ साली देश लुथरन केला. खोलीच्या मधोमध दगडी खांब आहे, त्यावर राजांची उंची खुणांनी कोरली आहे. रशियाच्या पीटर द ग्रेटची खूण २०८ सेंटिमीटरवर. पहिल्या क्रिस्तियानची त्याहून वर, पण त्याची हाडं मोजली तेव्हा तो तेवढा उंच नव्हता असं कळलं. इथे जास्त थांबू नका.

तिसऱ्यासाठी सगळा उरलेला वेळ राखून ठेवा. पाचव्या फ्रेडरिकचं चॅपल. आत गेल्यावर डोळे दिपतात, सगळं पांढरं आणि उजेडाचं, आधीच्या अंधाऱ्या विटांच्या भागानंतर अंगणात आल्यासारखं. डझनभर पेट्या आहेत. मधली संगमरवरी पाचव्या फ्रेडरिकची, तिच्याशी डोकं टेकून शोक करणाऱ्या दोन स्त्रिया म्हणजे डेन्मार्क आणि नॉर्वे. बंगालमध्ये हुगळीच्या काठी १७५५ साली डॅनिशांनी नवं ठाणं घेतलं, त्याला याच राजाचं नाव दिलं, फ्रेडरिक्सनगर. आपण त्याला सेरामपूर म्हणतो, बंगालमधलं श्रीरामपूर. नगर जिल्ह्यातलं नव्हे.

इंग्रज मिशनरी विल्यम केरींना इंग्रजांच्या कंपनीने आपल्या मुलखात उघड मिशनकार्य करू दिलं नसतं. सेरामपूरवर डॅनिश झेंडा होता, म्हणून १८०० च्या जानेवारीत ते तिथे राहायला गेले आणि मार्शमन व वॉर्ड यांच्यासोबत छापखाना उभा केला. त्या छापखान्यातून १८०५ मध्ये केरींचं मराठी व्याकरण निघालं, १८१० मध्ये मराठी कोश, १८११ मध्ये मराठी नवा करार. वैजनाथ पंडितांनी त्यांना मराठीत मदत केली. आपली भाषा छापील पुस्तकांत उतरत होती तेव्हा डेन्मार्कच्या गादीवर जे होते, ते सातवा क्रिस्तियान आणि सहावा फ्रेडरिक, दोघंही या एका खोलीत आहेत. सहाव्या फ्रेडरिकने १८२७ साली सेरामपूर कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. आजही आपल्याकडच्या कितीतरी पाळकांच्या बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर सेरामपूरचं नाव असतं. यांच्याही आहे.

पहिल्या वेळी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही चॅपल बघून बाहेर पडत होतो. दारातल्या माहितीफलकावर सहाव्या फ्रेडरिकचं नाव वाचून हे थबकले, परत आत गेले आणि त्या पेटीपुढे बराच वेळ उभे राहिले. सेमिनरीतल्या भिंतीवर टांगलेल्या सनदेची नक्कल त्यांना आठवली होती. मी शेजारी गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "या माणसाच्या सहीवर मी पाळक झालो." आता तुम्ही न चुकवता जाल म्हणून लिहिते. शेजारीच आठवा क्रिस्तियानही आहे, ज्याने १८४५ मध्ये तरंगंबाडी आणि सेरामपूर दोन्ही इंग्रजांच्या कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकली. सुरुवात आणि शेवट पंधरा पावलांत.

वेळ उरलाच तर संत बिर्गिटाच्या चॅपलकडे एक नजर टाका. दुसऱ्या मार्ग्रेथे राणीसाठी बियर्न नॉरगोर यांनी केलेली काचेची शवपेटी तिथे ठेवली आहे. राणी हयात आहेत, त्यामुळे ती अजून झाकलेली. बाहेर पडल्यावर नवव्या फ्रेडरिकची उघड्यावरची अष्टकोनी विटांची जागा दिसते. सगळे आत, तो आणि इंग्रिड राणी बाहेर आभाळाखाली. मला ती सर्वांत आवडते.

आता भूक लागलेली असेल. चौकात आणि शेजारच्या पायी रस्त्यांवर खायच्या जागा आहेत, पण डेन्मार्कमध्ये बाहेर खाणं महाग पडतं. आम्ही राय या धान्याचा काळा पाव, चीज आणि सफरचंदं घरून नेतो आणि कॅथेड्रलच्या मागून उतरणाऱ्या बागेत बसून खातो. बागेतून उतरतीची वाट थेट फिओर्डवर, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यावर जाते, पंधरा-वीस मिनिटं. जाताना चढ नाही, पण परत येताना तोच उतार चढावा लागतो, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांसाठी बस बघून ठेवा.

खाली व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय आहे. साधारण १०७० च्या सुमारास शत्रूची वाट अडवायला गावकऱ्यांनी स्कुल्डेलेवजवळ जुनी जहाजं बुडवली होती. त्यातली पाच १९६२ मध्ये बाहेर काढली, तुकडा तुकडा जोडला. त्याचं तिकीट वेगळं. थकला असाल तर आत जाऊ नका. बाहेर धक्क्यावर त्याच पद्धतीने बांधलेली नवी जहाजं बघता येतात आणि लाकूड तासणारे कारागीर प्रश्नांना प्रेमाने उत्तरं देतात.

आम्ही तिथे पाण्याच्या कडेला बसून एक काम करतो, जमलं तर तुम्हीही करा. जहाजांकडे बघत पोप्पो नावाच्या पाळकाची गोष्ट काढतो. हराल्ड ब्लूटूथच्या दरबारात ख्रिस्त खरा की जुने देव, असा वाद झाला, तेव्हा पोप्पोने तापलेलं लोखंड हातात धरून दाखवलं आणि राजाने बाप्तिस्मा घेतला, असं जुने इतिहासकार लिहितात. येलिंग गावातल्या शिळेवर हराल्डने डॅनिश लोकांना ख्रिस्ती केल्याचं कोरून ठेवलं आहे. या लोकांनाही कुणीतरी दुसऱ्या देशातून येऊन, दुसरी भाषा शिकून सांगितलं होतं. हे बोलून झालं की आम्ही तरंगंबाडीच्या, सेरामपूरच्या आणि आपापल्या गावच्या मंडळ्यांसाठी प्रार्थना करतो, एकेक नाव घेऊन. वारा असतो, त्यामुळे जवळजवळ बसावं लागतं.

हिवाळ्यात उजेड चारच्या आधीच ओसरतो, तेव्हा फिओर्डवर तीनपर्यंत पोचा. उन्हाळ्यात घाई नाही. परतीच्या गाडीत बसण्याआधी कार्ड पुन्हा 'चेक इन' करा.